सिलिंडर कोरायच्या आधी: पॅकेजिंग डिझाइनच्या कामात क्लायंटशी बोलणं कसं सांभाळावं

मसाले, पापड, लोणची, चिवडा करणारा छोटा उद्योग पहिल्यांदा छापील पाउच करून घ्यायला डिझायनरकडे येतो, तेव्हा दोघांच्या डोक्यातलं काम एकच नसतं. क्लायंटला एक छान दिसणारं पाकीट हवं असतं. डिझायनरला ठाऊक असतं की दिसणं हा निम्माच भाग आहे. उरलेला निम्मा म्हणजे मॅटर (छापायचा मजकूर), लेबलचे नियम, डाय (पाकीट कापण्या-दुमडण्याचा साचा), शाई आणि प्रेसच्या तारखा. वाद होतात ते बहुधा या दुसऱ्या निम्म्यावरून, पण शब्द मात्र पहिल्याचे वापरले जातात: "आम्हाला असं नको होतं."

अशा कामात तीन जागा आहेत, ज्या ओलांडल्यावर मागे फिरायला पैसे पडतात. मॅटर पक्कं होतं ती पहिली, डिझाइन पक्कं होतं ती दुसरी, आणि सिलिंडर (ज्यावरून रंग फिल्मवर उमटतो तो धातूचा रूळ) कोरायला किंवा प्लेट काढायला फाइल जाते ती तिसरी. क्लायंटशी जे काही बोलायचं, लिहायचं, दाखवायचं ते या तीन जागांभोवती बांधलं की बाकीचं बरंचसं सुरळीत होतं. प्रत्येक जागेच्या आधी सांगायचं की यापुढे बदल महाग पडेल, आणि होकार लेखी घ्यायचा.

पहिल्या फोनवर

"किती खर्च येईल?" हा क्लायंटचा पहिला प्रश्न असतो. लगेच आकडा सांगू नका. आधी विचारा: एका वेळी किती पाकिटं छापायची आहेत?

बाकीचं सगळं या उत्तरावरून ठरतं. पाचशे-हजार पाकिटं असतील तर तयार स्टँडअप पाउच आणि त्यावर स्टिकर हाच शहाणपणाचा मार्ग. थोडी जास्त असतील तर डिजिटल छपाई. माल मोठ्या प्रमाणावर आणि सतत लागणार असेल, तरच लॅमिनेटवर (एकमेकांना चिकटवलेल्या फिल्मच्या थरांवर) ग्रॅव्हर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून होणारी छपाई परवडते, कारण तिथे दर रंगाला एक सिलिंडर कोरावा लागतो आणि एकेका सिलिंडरला काही हजार रुपये जातात. सात रंगांचं पाकीट म्हणजे सात सिलिंडर. हळद, मिरची, गोडा मसाला अशी तीन पाकिटं असतील आणि तिन्हींची डिझाइनं पूर्ण वेगळी असतील तर एकवीस. पार्श्वभूमी, चौकट आणि ब्रँडचं नाव तिन्हींना सारखं ठेवून वेगळा मजकूर दोन सिलिंडरांत बसवला, तर पाच सामाईक आणि तीन वेळा दोन, म्हणजे अकरा सिलिंडरांत काम होतं. हा हिशेब डिझाइन सुरू होण्यापूर्वी क्लायंटसमोर मांडायचा असतो. तीन वेगळी सुंदर डिझाइनं मंजूर झाल्यावर सिलिंडरचं बिल दिसलं, तर दोष डिझायनरच्या माथी येतो आणि तो पूर्ण चुकीचाही नसतो.

दुसरा प्रश्न: शेवटचा होकार कोणाचा? घरगुती उद्योगात हे नाजूक असतं. पाककृती आईची, व्यवहार मुलगा बघतो, पैसे भागीदार घालतो आणि फोनवर बोलतो कुणी चौथाच. सरळ विचारा, "डिझाइन बघून शेवटी 'हो' कोण म्हणणार? त्यांनाही पहिल्या बैठकीला बोलवूया." ज्यांची पसंती शेवटी लागणार आहे त्यांना डिझाइन शेवटी दाखवलं, की काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

तारीख उलटी मोजा

"दिवाळीच्या आधी हवंय" ही तारीख झाली नाही. तिला क्लायंटसमोरच कागदावर उतरवा, शेवटापासून मागे. २०२६ ची दिवाळी घ्या. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. माल दुकानात किमान चार आठवडे आधी पोचायला हवा, म्हणजे ११ ऑक्टोबर. भरणं आणि पॅकिंग एक आठवडा. सिलिंडर, छपाई, लॅमिनेशन आणि पाउच तयार होणं यांना चार आठवडे. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना तपासायला एक, डिझाइनला तीन, मॅटर पक्कं करायला एक, माहिती गोळा करायला एक. बेरीज पंधरा आठवडे, म्हणजे काम २६ जुलैला सुरू व्हायला हवं. त्यात १४ सप्टेंबरला गणपती येतात, तेही नेमके छपाईच्या आठवड्यांत. मुंबई-ठाण्याच्या प्रेसमधले कितीतरी कारागीर तेव्हा कोकणात गावी जातात, म्हणून प्रेसला त्या दिवसांबद्दल आधीच विचारून ठेवा.

हे कोष्टक क्लायंटला पाठवताना प्रत्येक टप्प्यापुढे जबाबदारी कोणाची तेही लिहा. पंधरापैकी तीन-चार आठवडे क्लायंटच्याच हातात असतात हे त्यांना तिथे पहिल्यांदा दिसतं. दसऱ्याला फोन आला तर ग्रॅव्हर विसरायला सांगा आणि या दिवाळीपुरता स्टिकरचा मार्ग सुचवा. नाही म्हणताना सोबत पर्याय असला की माणूस दुखावत नाही.

कोटेशनमध्ये काय नाही, तेही लिहा

"पाउच डिझाइन – ४०,००० रुपये" अशी एक ओळ म्हणजे वादाला आमंत्रण. समजा फी तेवढीच आहे, तर ती उलगडून लिहा: एका आकाराचं एक पाउच, पुढची आणि मागची बाजू, सुरुवातीला दोन पर्याय, निवडलेल्या पर्यायावर बदलांच्या दोन फेऱ्या, छपाईसाठी तयार फाइल. आणखी एक स्वाद वाढला तर किती, आणखी एक वजन म्हणजे १०० ग्रॅमचं छोटं पाकीट वाढलं तर किती, हेही आत्ताच. छोटं पाकीट म्हणजे मोठं लहान करून दिलं असं क्लायंटला वाटतं. प्रत्यक्षात मागचा मजकूर मावत नाही आणि मांडणी नव्याने करावी लागते.

फेरी म्हणजे काय, हेही लिहा. "सगळ्या संबंधितांचे बदल एकत्र करून, एकदाच, लेखी दिलेली यादी म्हणजे एक फेरी." ही ओळ नसेल तर सकाळी एक, दुपारी एक आणि रात्री साडेअकराला एक असे बदल येतात आणि त्यांची गणती होत नाही.

मग वगळलेल्या गोष्टी: फोटोग्राफी, चित्रकाराचं मानधन, विकत घ्यावे लागणारे फाँट, मजकूर लिहून देणं, भाषांतर, सिलिंडर, छपाई, बारकोडची नोंदणी, ट्रेडमार्कचा अर्ज. जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्के वेगळी ओळ. क्लायंट टीडीएस कापणार असेल तर व्यावसायिक फीवर तो साधारण १० टक्के असतो आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर मूळ फीवरच कापायचा असतो. हे आधी बोललेलं बरं, नाहीतर खात्यात आलेला आकडा बघून एकमेकांवर संशय येतो.

पैशांचे हप्तेही कामाच्या टप्प्यांना बांधा: सुरुवातीला ४० टक्के, डिझाइन पक्कं झाल्यावर ४०, छपाईची फाइल देण्याआधी २०. शेवटचा हप्ता "छापून आल्यावर" असा कधीच ठेवू नका. छपाई लांबणीवर पडण्याची कारणं डिझायनरच्या हातात नसतात. कोटेशनची मुदत १५ दिवस पुरे.

मॅटर: खरी पहिली पायरी

डिझाइन आधी आणि मजकूर नंतर, हा क्रम फार ठिकाणी चालतो आणि तिथेच वेळ जातो. "सध्या काहीतरी टाका, मॅटर देतो मागाहून" याला होकार देऊ नका. निदान कच्चं मॅटर हातात येईपर्यंत मागच्या बाजूला हात लावू नका.

क्लायंटला पाठवायच्या यादीत एवढं असायलाच हवं: पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, पोषणमूल्यांचा तक्ता, ॲलर्जीची सूचना, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत आणि युनिट सेल प्राइस (दर ग्रॅमची किंवा किलोची किंमत), बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदतीची तारीख, उत्पादकाचं नाव-पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक, बारकोड. बॅच, तारीख आणि किंमत नंतर मशिनवर छापणार असतील तर त्यासाठी किती मोकळी जागा लागते आणि ती पाकिटावर नेमकी कुठे यायला हवी, हे पॅकिंगवाल्याकडून मागवा. गडद छपाईवर किंवा पाकिटाच्या घडीवर ती जागा आली तर तारीख वाचता येत नाही.

भाषेबद्दल बऱ्याच क्लायंटचा समज चुकीचा असतो. २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत लागते. मराठी त्याच्या जोडीला हवी तेवढी घालता येते, पण नुसत्या मराठीवर भागत नाही. "आपला माल अस्सल मराठी, सगळं मराठीतच ठेवा" म्हणणाऱ्या क्लायंटला हे पहिल्या बैठकीतच सांगा आणि समोरची बाजू मराठीत खुलवायची मोकळीक त्यांच्यापुढे ठेवा. शाकाहाराचं चिन्ह म्हणजे हिरव्या चौकोनात हिरवं वर्तुळ. समोरच्या मुख्य भागाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर वर्तुळाचा व्यास किमान ३ मिलिमीटर, ५०० पर्यंत असेल तर ४. डिझाइन बिघडतं म्हणून ते लहान करा, असं कुणी सांगितलं तरी करू नका.

मात्र एक रेघ आखून घ्या. लेबलवरची माहिती खरी आणि नियमाप्रमाणे आहे याची जबाबदारी उत्पादकाची आहे, डिझायनरची नाही, आणि क्लायंटने ती आपल्या अन्नसुरक्षा सल्लागाराकडून तपासून घ्यायची आहे, हे कोटेशनमध्ये एका वाक्यात लिहा. मदत जरूर करा, हमी घेऊ नका.

मजकूर व्हॉट्सॲपवरून येतो तेव्हा तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत असतो. तो जुन्या, युनिकोड नसलेल्या देवनागरी फाँटमध्ये तसाच चिकटवला तर अक्षरांऐवजी कचरा दिसतो आणि डीटीपीवाला वैतागून सगळं पुन्हा टाइप करतो. चुका तिथे शिरतात. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा इंडिक पर्याय चालू नसेल तर "मिरची"तली ऱ्हस्व वेलांटी भलत्या बाजूला जाते, "शुद्ध"चं जोडाक्षर फुटतं आणि "खोबऱ्याची चटणी"तला ऱ्या विस्कटतो. म्हणून मॅटर दोनदा तपासायचं: एकदा साध्या मजकुराच्या रूपात, आणि दुसऱ्यांदा कर्व्ह केल्यानंतरच्या, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकल्यानंतरच्या पीडीएफमध्ये. दुसरी तपासणी क्लायंटकडूनच करून घ्या, तीही शक्यतो पाकिटावरच्या घटकांची रोज ने-आण करणाऱ्या माणसाकडून. मालक स्वतःच्या ब्रँडचं नाव शंभर वेळा वाचतात आणि पत्त्यातला पिनकोड एकदाही बघत नाहीत.

दाखवायचं कसं

फोनच्या पडद्यावर पाकीट पाठवून "कसं वाटतंय?" विचारलं, तर उत्तरही तशाच घाईत येतं. खऱ्या आकाराची रंगीत प्रत काढा, कापा, चिकटवा आणि पाव किलो मसाला भरलेल्या साध्या पिशवीवर लावून दाखवा. भरल्यावर पाकीट फुगतं, खालची पट्टी दुमडते, कडेचा मजकूर मागे जातो. सपाट पीडीएफमध्ये यातलं काहीच दिसत नाही. दुकानातल्या मांडणीसारखी दोन-तीन स्पर्धक पाकिटं शेजारी ठेवा आणि सहा फुटांवरून बघायला सांगा. निम्मे वाद तिथेच मिटतात, कारण बोलणं आवडीनिवडीवरून ओळखू येण्यावर येतं.

पर्याय दोन दाखवा, फार तर तीन. पाच दाखवले की क्लायंट पहिल्याची पट्टी, तिसऱ्याचं चित्र आणि पाचव्याचं अक्षर मागतो, आणि त्या मिश्रणाची जबाबदारी तुमची होते. प्रत्येक पर्यायासोबत दोन वाक्यं तयार ठेवा: हा कोणासाठी, आणि यात काय गमावलं आहे. जो पर्याय तुम्हाला स्वतःला छापून द्यायला आवडणार नाही तो आकडा भरायला ठेवू नका. नेमका तोच निवडला जातो.

मग येतात ओळखीची वाक्यं. "जरा उठावदार करा." "मजा नाही आली." "लोगो मोठा करा." यावर लगेच बदल सुरू करू नका, आणि बचावही नको. विचारा, "लांबून वाचता येत नाही म्हणून मोठा हवा, की शेजारच्या ब्रँडपेक्षा लहान वाटतो म्हणून?" पहिल्याचं उत्तर रंगाचा फरक वाढवणं हे असू शकतं, दुसऱ्याचं आजूबाजूची गर्दी कमी करणं. उपाय सुचवणं क्लायंटला सोपं वाटतं. त्यांच्याकडून अडचण काढून घ्यायची, उपाय तुम्ही शोधायचा.

कधी कधी तक्रार खरी असते, पण तिला शब्द सापडत नाही. "शेंगदाणा-लसूण चटणी" हे नाव बघून "काहीतरी परकं वाटतंय" असं कुणी म्हणालं तर आधी श आणि ल बघा. बरेच देवनागरी फाँट या दोन अक्षरांची हिंदी वळणं आपोआप लावतात. मजकुराची भाषा मराठी अशी निवडली, किंवा मराठी वळणाचा फाँट घेतला, की ती बदलतात. क्लायंटला हे कळण्याची गरज नाही, पण तक्रार हसण्यावारी नेली तर ती "डिझाइनच आवडलं नाही" इथवर जाते.

होकार कसा घ्यायचा

व्हॉट्सॲपवर अंगठा म्हणजे होकार नाही. तो "पाहिलं" असाही असतो. निरोपासाठी, तारखांसाठी व्हॉट्सॲप ठीक, पण मंजुरी ईमेलवर किंवा छापील प्रतीवर सहीने. क्लायंट ईमेल वापरतच नसेल तर व्हॉट्सॲपवरच, पण पूर्ण वाक्यात. तुम्हीच वाक्य लिहून द्या:

"नमस्कार ताई. मिरची पावडर २०० ग्रॅम पाउचचं मॅटर, आवृत्ती ३, सोबत पाठवत आहे. कृपया वजन, घटक, परवाना क्रमांक, पत्ता आणि फोन नंबर तपासा. सगळं बरोबर असल्यास 'आवृत्ती ३ तपासली, मंजूर' असं लिहून पाठवा. यानंतर मजकुरात बदल झाल्यास प्रत्येक वेळी १,५०० रुपये आणि २ दिवस वाढतील. गुरुवार संध्याकाळपर्यंत उत्तर मिळालं तर छपाईची तारीख तशीच राहील."

यात आवृत्तीचा क्रमांक आहे, काय तपासायचं ते आहे, पुढच्या बदलाची किंमत आहे आणि उशिराचा परिणाम आहे. फाइलच्या नावातही आवृत्ती आणि तारीख ठेवा. "फायनल", "फायनल नवीन", "एकदम फायनल" ही नावं दिलीत तर प्रेसकडे चुकीची फाइल जाईल.

फोनवर किंवा बैठकीत ठरलेलं त्याच दिवशी तीन-चार ओळींत लिहून पाठवा: काय ठरलं, काय बाकी, कोणाकडे. व्हॉइस नोट आली तर तिचा सारांश लिहून विचारा, "मला असं समजलं, बरोबर ना?"

प्रूफ आणि रंग

तिसऱ्या जागेपाशी सर्वांत जास्त अपेक्षाभंग रंगावरून होतो, आणि तो आधीच सांगून टाळता येतो. पडद्यावरचा झगझगीत केशरी आणि पोपटी सीएमवायके (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी अशा चार शाईंच्या) छपाईत तसा उतरत नाही. मॅट लॅमिनेशनने रंग आणखी दबतो. पारदर्शक किंवा चंदेरी फिल्मवर खाली पांढऱ्या शाईचा थर नसेल तर लाल रंग मातकट दिसतो. ब्रँडचा रंग महत्त्वाचा असेल तर पँटोन, म्हणजे ठरलेल्या तयार रंगछटेचा क्रमांक ठरवा आणि त्यासाठी स्वतंत्र सिलिंडर लागेल हे सांगा. पडद्यावरच्या रंगाला मंजुरी कधीच घेऊ नका. प्रेसकडून त्याच फिल्मवरचं प्रूफ मिळत असेल तर त्यावर घ्या. तसं मिळत नसेल तर रंगात थोडा फरक पडेल हे लेखी कळवा.

बारकोड हा क्लायंटच्या लेखी कुरूप प्रकार, म्हणून "लहान करा, लाल करा" असा आग्रह होतो. ईएएन-१३ या १३ अंकी बारकोडचा मूळ आकार ३७.२९ बाय २५.९३ मिलिमीटर आहे आणि ८० टक्क्यांपेक्षा लहान करू नये. लाल रेघा स्कॅनरच्या लाल प्रकाशात दिसतच नाहीत. "माल सुपरमार्केटमधून परत येईल" एवढं सांगितलं की आग्रह संपतो.

फाइल पाठवायच्या आधी डायची रेघ, ३ मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेघेबाहेर वाढवलेली छपाई), ३०० डीपीआयचे फोटो, कर्व्ह केलेला मजकूर हे तुमचं काम. क्लायंटने प्रेसला परस्पर फाइल देऊन तिथे "छोटासा बदल" करून घेतला तर त्या प्रतीची जबाबदारी तुमची नाही, हेही कळवून ठेवा. प्रेसवाले भल्यासाठीच करतात, पण मजकूर बदलताना त्यांच्याकडे तुमचा फाँट नसतो.

बदल आले, किंवा काहीच आलं नाही

मंजुरीनंतर बदल येणारच. परवाना क्रमांक बदलतो, भागीदार वेगळे होतात. चिडण्यात अर्थ नाही. काम सुरू करण्यापूर्वी तीन ओळी: बदल कोणता, किती रुपये, किती दिवस. होकार आला की काम. पहिला लहान बदल फुकट करायचा असेल तरी बिलात तो "१,५०० – सवलत १,५००" असा दाखवा, म्हणजे दुसऱ्या बदलाला किंमत आहे हे समजतं.

गप्प बसलेला क्लायंट बदल मागणाऱ्यापेक्षा अवघड. सात दिवसांत उत्तर नसेल तर नवी तारीख कळवा. तीस दिवस शांतता असेल तर काम थांबलं, झालेल्या कामाचं बिल देय, आणि पुन्हा सुरू करताना वेळापत्रक नवं, अशी अट कोटेशनमध्येच असावी. उशीर तुमच्याकडून होणार असेल तर कळताक्षणी सांगा, नव्या तारखेसह. तारीख उलटल्यावर दिलेलं कारण कितीही खरं असलं तरी बहाणा वाटतं.

फाइल, हक्क, पैसे

"ओपन फाइल", म्हणजे बदल करता येण्याजोगी मूळ फाइल देणार की नाही, हे सुरुवातीला ठरवा. बहुतेक क्लायंट ती गृहीत धरतात. लोगो आणि कलाकृतीच्या हक्काबाबत कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १९ दोघांनीही वाचावं: हस्तांतर लेखी आणि सहीने लागतं, मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरतं धरलं जातं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. पाउच दुबईच्या दुकानांत जाणार असेल तर ही ओळ महत्त्वाची. पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क हस्तांतरित होतील, कायमसाठी आणि सर्व देशांसाठी, असं एक पान दोन्ही बाजूंनी सही करून ठेवा. न निवडलेल्या पर्यायांचे हक्क तुमच्याकडे राहतील, हेही त्यात घाला.

थकबाकीसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंदणी उपयोगी पडते. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवसांत. नंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम स्वीकारलं असं कायदा धरतो, म्हणून अंतिम फाइल कोणत्या तारखेला, कोणत्या ईमेलवर गेली याची नोंद जपून ठेवा. बिलावर उद्यम क्रमांक छापा. पहिलं स्मरणपत्र मुदत संपण्याच्या तीन दिवस आधी, दुसरं संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि व्याजाचा उल्लेख फक्त दुसऱ्यात.